सदर्न गॉस्पेल ऐकायला लागले आहे: कोणते अल्बम, कोणते गट?

सूरसागरकाठची

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्याची. माहेर दांडियाबाजारात, सासरही तिथून चालत दहा मिनिटांवर. बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. प्रश्न जरा लांबून सांगावा लागेल.

गेल्या वर्षी सुनेच्या बाळंतपणासाठी पाच महिने नॉक्सव्हिलला, म्हणजे टेनेसीत, राहून आले. मुलगा तिथून जवळ ओक रिजच्या प्रयोगशाळेत आहे. शेजारच्या घरात एक आजी एकट्या राहायच्या, वय ऐंशीच्या पुढे. बाळ दुपारी झोपलं की मी त्यांच्याकडे जाऊन बसायचे. माझं इंग्रजी बँकेतलं, त्यांचं त्या डोंगरातलं. निम्मं बोलणं एकमेकींना कळत नसे, पण त्यांच्या स्वयंपाकघरात कायम एक रेकॉर्ड लागलेली असायची आणि ती कळायला भाषा लागत नव्हती. चार पुरुष गातायत, एक पियानो, बस्स. त्यातला एक इतका खाली जायचा की टेबलावरची बशी थरथरते असं वाटायचं. दुसरा इतका वर की ऐकताना आपलीच मान उंच व्हावी.

आजी ओव्हनमध्ये त्यांची ती खारी, मऊ बिस्किटं टाकता टाकता सोबत गुणगुणायच्या. एक सांगते, ते गुणगुणणं चालीशी कधीच जुळायचं नाही. चाल वर गेली की या तिथेच घुटमळायच्या, चाल थांबली की या दोन पायऱ्या उतरायच्या. वयानं सूर सुटतो, आमच्या भजनी मंडळातही दोघीतिघींचं तसं होतं, म्हणून मी कधी विचारलं नाही. त्यांच्याकडे मऊ पुठ्ठ्याचं एक जुनं गाण्यांचं पुस्तकही होतं. त्यातली स्वरचिन्हं गोल नव्हती. काही त्रिकोणी, काही चौकोनी. ते काय, हेही विचारायचं राहून गेलं.

निघताना त्यांनी मला दोन एलपी दिल्या. एक एल्व्हिस प्रेस्लीची, १९६७ची, ‘हाऊ ग्रेट दाऊ आर्ट’. दुसरी पोर्टर वॅगनर आणि ब्लॅकवुड ब्रदर्स यांची ‘ग्रँड ओल्ड गॉस्पेल’. साड्यांच्या घड्यांमध्ये ठेवून आणल्या. घरी बाबांचा जुना रेकॉर्ड प्लेअर आहे, ज्यावर आम्ही नाट्यगीतं ऐकत वाढलो. तो दुरुस्त करून घेतला आणि गेले दोन महिने रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की एक बाजू ऐकते. आमच्या ह्यांनाही आता सवय झाली आहे.

तर विचारायचं असं. या गाण्याला सदर्न गॉस्पेल, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतलं ख्रिस्ती भक्तिसंगीत, म्हणतात एवढं मुलाकडून कळलं. पुढे काय ऐकू? सुटी गाणी नकोत, ती नेटवर ढिगानं सापडतात आणि कुठून सुरू करावं तेच कळत नाही. अख्खे अल्बम सांगा, ते गाणारे गट सांगा, आणि तुम्हाला ते का आवडतात तेही सांगा. आणि चौघे एकदम गातात तेव्हा कान ठेवायचा कुठे? माझा कान सारखा चालीमागे धावतो आणि बाकीचे तिघे हातातून निसटतात.

खर्ज

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

मी समा भागात राहतो, वय ७१, कोयलीच्या रिफायनरीत नोकरी झाली. १९८६ साली प्रशिक्षणासाठी तीन महिने टेक्सासमध्ये बोमाँटला होतो. मोटेल चरोतरच्या एका पटेलांचं. संध्याकाळी ते खिचडी-कढी पाठवायचे आणि खोलीतला रेडिओ एकाच स्टेशनवर अडकलेला होता. त्या स्टेशनवर दिवसभर हेच गाणं. पहिले पंधरा दिवस मलाही सगळं एकसारखं वाटलं. मग एका रविवारी शेजारच्या गावातल्या शाळेच्या सभागृहात तिथलेच चौघे गाणार होते, तिकीट नाही, मध्ये झोळी फिरवायची. मी अगदी कडेला, बेस, म्हणजे सगळ्यांत खालचा आवाज, गाणाऱ्याच्या बाजूला बसलो होतो. ध्वनिक्षेपक त्याच्या बाजूचाच मोठा लागला होता, त्यामुळे मला दोन तास मुख्यतः त्याचाच आवाज आला. तेव्हा गाणं उलगडलं.

म्हणून माझं सांगणं: चाल सोडा. चौघांपैकी एकाचा पदर धरा आणि गाणं संपेपर्यंत सोडू नका. पहिल्यांदा बेस, कारण तो शोधायला सोपा. त्याच गाण्याला दुसऱ्यांदा टेनर, म्हणजे सगळ्यांत वरचा. मधल्या दोघांपैकी लीड म्हणजे बहुधा तुमची ती चाल. राहिला बॅरिटोन, तो सगळ्यांत शेवटी सापडतो, कारण त्याचं कामच असं की तो ऐकू येऊ नये पण गेला तर गाणं रिकामं व्हावं. तबला-पेटीच्या साथीला आपण जसं वेगळं कान देऊन ऐकतो, तसं. एकच बाजू चार संध्याकाळी ऐका.

आता गट आणि अल्बम. तुमच्याकडच्या दोन्ही रेकॉर्डी उत्तम आहेत, आजींनी विचार करून दिल्यात.

ब्लॅकवुड ब्रदर्स हे मिसिसिपीतल्या शेतकरी घरातले भाऊ आणि एक पुतण्या, १९३४ साली गायला लागले. पुढे मेम्फिसला गेले. जून १९५४ मध्ये त्यांनी आर्थर गॉडफ्रे यांच्या टीव्हीवरच्या स्पर्धेत बाजी मारली, देशभर नाव झालं, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला अलाबामातल्या क्लँटनला त्यांचं छोटं विमान कोसळून बॅरिटोन आर. डब्ल्यू. ब्लॅकवुड आणि बेस बिल लाइल्स गेले. चारातले दोन आवाज एकाच दिवशी. मला हे वाचून कळलं त्या दिवशी मी त्यांची कॅसेट लावूच शकलो नाही. पण त्यांनी गट मोडला नाही. बेसच्या जागी जे. डी. समनर आले, ज्यांचा आवाज पाताळात जायचा. त्यानंतर गावोगाव हिंडायला त्यांनी बस घेतली, झोपायची सोय केलेली. आज सगळे गायक असल्या बसमधून फिरतात, त्याची सुरुवात करणाऱ्यांत हे होते. तुमची ‘ग्रँड ओल्ड गॉस्पेल’ १९६६ची, तिला ग्रॅमी मिळालं आहे.

एल्व्हिसबद्दल लोकांना वाटतं की तो रॉकवाला आणि मध्येच देवाचं गायला. उलट आहे. तो मेम्फिसच्या पोरवयात याच गटांच्या कार्यक्रमांना जाऊन बसायचा. १९५८ साली त्याची आई वारली तेव्हा अंत्यविधीला ब्लॅकवुड ब्रदर्सच गायले. स्पर्धेतली ग्रॅमी त्याला आयुष्यात तीनच मिळाली आणि तिन्ही गॉस्पेलची. तुमच्याकडची १९६७ची ही पहिली. तिच्यात त्याच्यामागे इम्पिरियल्स आणि जॉर्डनेअर्स आहेत. इम्पिरियल्स हा गट काढणारे जेक हेस, त्यांच्यासारखं गाता यावं ही एल्व्हिसची लहानपणापासूनची ओढ, आणि ते इथे त्याच्याच पाठीशी उभे राहून गातायत. हे माहीत करून घेऊन ऐका, वेगळं ऐकू येईल. याच्याआधीचा १९६०चा ‘हिज हँड इन माइन’ जरूर मिळवा. नॅशव्हिलमध्ये एका रात्रीच्या बैठकीत गायलेला. मला तो जास्त आवडतो. आवाज मऊ आहे, दाखवायची घाई नाही.

जेक हेस मूळचे स्टेट्समन क्वार्टेटचे (क्वार्टेट म्हणजे चौघांचा गट). अटलांटात १९४८ साली पियानोवादक होव्ही लिस्टर यांनी काढलेला हा गट. शुद्ध गाण्याच्या हिशेबानं मी यांना सगळ्यांच्या वर ठेवतो. १९५०च्या दशकातली त्यांची जी रेकॉर्डिंग मिळतील ती घ्या, नाव बघू नका. बेसला जिम वेदरिंग्टन, ज्यांना सगळे ‘बिग चीफ’ म्हणत.

पण काळजातला गट विचाराल तर कॅथेड्रल क्वार्टेट. ओहायोमधल्या ऍक्रनच्या एका मोठ्या चर्चमधून १९६०च्या दशकात निघाला. लीड ग्लेन पेन, बेस जॉर्ज यंस. बाकीचे दोघे बदलत राहिले, हे दोघे पस्तीस वर्षं शेजारी शेजारी उभे होते. ‘लाइव्ह इन अटलांटा’ ऐका. त्यात ग्लेन पेन ‘वी शॅल सी जीझस’ गातात. सुरुवात बोलल्यासारखी, नंतर एकेक पायरी चढत जातात आणि शेवटी सभागृहाला बसवत नाही. स्टुडिओतलं रेकॉर्डिंग आणि लोकांसमोरचं यांत फरक काय हे विचारणाऱ्याला मी एवढंच गाणं ऐकवतो. जॉर्ज यंस दोन गाण्यांच्या मध्ये बोलतात तेही गाळू नका. आपल्याकडचा चांगला कीर्तनकार उत्तररंगाकडे वळताना जसा श्रोत्यांना हळूच ताब्यात घेतो, तसं ते बोलणं आहे.

१९९९ साली त्यांनी निवृत्त व्हायचं ठरवलं. नॅशव्हिलच्या रायमन सभागृहातला निरोपाचा कार्यक्रम ‘अ फेअरवेल सेलिब्रेशन’ नावानं आला. पण वर्ष संपेपर्यंत ग्लेन पेन राहिलेच नाहीत, कर्करोग निघाला. सप्टेंबरात लुईव्हिलला तेव्हा क्वार्टेट गटांचं मोठं वार्षिक संमेलन भरायचं तिथे ते जाऊ शकले नाहीत, तर दवाखान्याच्या खाटेवरून फोनवर गायले आणि हजारो लोकांनी ते सभागृहात ऐकलं. ‘जॉर्डन नदी मला एकट्याला ओलांडावी लागणार नाही’ अशा अर्थाचं गाणं. ऑक्टोबरात गेले. ते फोनवरचं रेकॉर्डिंग आवाजाच्या दृष्टीनं काहीच नाही, खरखर आहे. मी ते वर्षातून एकदाच ऐकतो.

माझ्याकडे चाळीसेक कॅसेट होत्या. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात वीस इंच पाऊस पडला आणि विश्वामित्री आमच्या तळमजल्यात शिरली, त्यात सगळ्या गेल्या. कॅथेड्रल्सची एक तेवढी मी फीत बाहेर काढून, पंख्याखाली दोरीवर वाळवून परत गुंडाळली. मधली दोन मिनिटं पाण्याखालून आल्यासारखी वाजतात. बाकी वाजते.

देवळाली कॅम्प

वर खर्जकाकांनी इतकं सुंदर लिहिलंय की मी फक्त माझ्या गावापुरतं बोलतो.

माझं बालपण नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पातलं, आता नोकरीनिमित्त बारा वर्षं वडोदऱ्यात, फतेगंजला. आमच्या चर्चमध्ये टेनर गातो. इथे उपासना गुजरातीत होते, घरी मात्र आईनं दिलेलं ‘उपासना संगीत’ आहे आणि रात्री त्यातलं एखादं पद होतंच. रेव्हरंड टिळकांची पदं त्यात आहेत, अभंगाच्या घाटाची, टाळावर म्हणता येतील अशी. शेजारच्याच पानावर विलायती चालीची चार आवाजांतली गीतं. मी दोन्ही एकाच घरात शिकलो, त्यामुळे ताईंना जो प्रश्न पडला तो मला लहानपणी पडला नाही. पण अडचण मला कळते. अभंगात सगळे मिळून एक होतात, इथे चौघे चार राहून एक होतात.

आता ताईंच्या एलपीवरच्या पहिल्या गाण्याबद्दल. ‘हाऊ ग्रेट दाऊ आर्ट’ अमेरिकेतलं नाही. १८८५ साली स्वीडनमध्ये कार्ल बोबर्ग यांनी कविता लिहिली. ती जर्मन आणि मग रशियन भाषेत गेली. स्टुअर्ट हाइन नावाच्या इंग्रज मिशनऱ्यानं पूर्व युरोपात ती रशियन शब्दांत ऐकली आणि इंग्रजी केली. पुढे आमच्या देवळालीत नागा लोकांचा एक गायकवृंद ते गीत गात होता, चार आवाजांची मांडणी त्यांनी स्वतः बसवलेली. ते धर्मप्रचारक जे. एडविन ऑर यांच्या कानावर पडलं. त्यांनी ते उचललं आणि १९५४ साली कॅलिफोर्नियातल्या एका शिबिरात गाऊन घेतलं. तिथून पसरत पसरत १९५७ मध्ये न्यूयॉर्कला धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांच्या सभांमध्ये जॉर्ज बेव्हर्ली शे यांनी गायलं आणि देशभर झालं. दहा वर्षांनी एल्व्हिस. म्हणजे ताई, तुम्ही साडीत गुंडाळून टेनेसीहून जे आणलंत ते अमेरिकेला जाताना नाशिक जिल्ह्यातून गेलं होतं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कॅम्पातल्या त्या जुन्या वडाखाली जाऊन उभा राहिलो होतो, कुठे गायले असतील असं बघत.

अल्बममध्ये माझी भर दोनच. एक, हॅपी गुडमन फॅमिली, ‘द हॅपी गॉस्पेल ऑफ द हॅपी गुडमन्स’. १९६८चं ग्रॅमी. चार पुरुषांच्या या जगात वेस्टल गुडमन नावाच्या बाईंचा आवाज ऐकाच. हातात कायम पांढरा रुमाल, आणि तान नाही, मुरकी नाही, सरळ छातीतून आलेली हाक. दोन, १९९१चं बिल गेदर यांचं ‘होमकमिंग’. गेदर व्होकल बँडच्या एका गाण्यासाठी नॅशव्हिलच्या स्टुडिओत जुन्या पिढीचे गायक बोलावले होते. काम झालं तरी कोणी घरी जाईना. पियानोभोवती उभे राहून एकेक जण आठवेल ते गायला लागला आणि कॅमेरे चालूच राहिले. स्टेट्समनचे जेक हेस आणि होव्ही लिस्टर, कॅथेड्रल्सचे पेन आणि यंस, सगळे त्या खोलीत. ऐकण्यापेक्षा बघण्याची चीज आहे.

आणि एक गोष्ट राहू नये म्हणून. ज्या काळात हे गोरे क्वार्टेट घडले त्या काळात दक्षिणेत मंचही वेगळे होते आणि बाकंही वेगळी. कृष्णवर्णीय क्वार्टेट याच गाण्याचे सख्खे भाऊ आहेत, काही बाबतींत थोरले. गोल्डन गेट क्वार्टेट आणि डिक्सी हमिंगबर्ड्स ऐकल्याशिवाय हे घर पूर्ण बघून झालं असं मी म्हणणार नाही. १९५७च्या जानेवारीत एल्व्हिसनं एड सुलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात ‘पीस इन द व्हॅली’ गायलं, ते थॉमस ए. डॉर्सी या कृष्णवर्णीय संगीतकाराचं. गाणी कुंपणावरून इकडे तिकडे जात होती, माणसांना मात्र जाऊ देत नव्हते.

सूरसागरकाठची

दोघांचे आभार कसे मानू. देवळालीचं ह्यांना वाचून दाखवलं, तर ते उठून नकाशाच घेऊन बसले.

दादा, तुम्ही सांगितलंत तसं आठवडाभर एकच बाजू लावतेय. बेस सापडला. टेनर निम्मा सापडलाय. त्या त्रिकोणी-चौकोनी स्वरांबद्दल कोणाला माहीत आहे का? आणि ओक रिजच्या नावाचा एक गट आहे म्हणे, मुलगा म्हणाला. हे खरं का?

गायनशाळेतला

मावशी, मी परफॉर्मिंग आर्ट्सला गायनाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे तुमच्याच घरामागच्या गल्लीतून रोज जातो. त्रिकोणाचं मी सांगतो, कारण परीक्षेत पाश्चात्त्य स्वरलेखन होतं आणि मला त्यातलं हेच आवडलं.

त्याला शेप नोट म्हणतात. १८४६ साली जेसी एकिन यांनी सात स्वरांना सात आकार दिले. आपल्या भाषेत सांगायचं तर सा म्हणजे त्रिकोण, रे म्हणजे वाटी, ग शंकरपाळ्यासारखा, म झेंड्यासारखा काटकोनी, प गोल, ध चौकोन आणि नी आइस्क्रीमच्या कोनासारखा. खेड्यातल्या माणसाला पाच रेघांवरची जागा वाचायला वर्षं लागतात, आकार पंधरा दिवसांत ओळखता येतो. आणि मुख्य म्हणजे त्यांचा ‘सा’ आपल्यासारखा फिरता आहे. काळी एक असो की पांढरी चार, सा हा त्रिकोणच. आमचे सर म्हणाले, हे आपल्या कोणाही भजनकऱ्याला लगेच पटेल.

आता गटांचा संबंध. टेनेसीतल्या लॉरेन्सबर्गला जेम्स व्हॉन नावाचे गृहस्थ अशा स्वरांची गाण्यांची पुस्तकं छापायचे. ती विकली जावीत म्हणून त्यांनी १९१० साली चार गायकांना पगार देऊन गावोगाव पाठवलं. सदर्न गॉस्पेलच्या व्यावसायिक क्वार्टेटची सुरुवात ती. पुढे डॅलसच्या स्टॅम्प्स-बॅक्स्टर कंपनीनं हेच मोठ्या प्रमाणावर केलं. पुस्तकं, गायनशाळा आणि फिरते क्वार्टेट. काकांचे ग्लेन पेन त्याच गायनशाळेत शिकलेले. म्हणजे आज आपण ज्याला अल्बम म्हणून ऐकतो ते मुळात पुस्तक शिकवणारे लोक होते, आणि ऐकणारे घरी जाऊन चौघं मिळून तेच गायचे.

हे वाचताना मला आमच्या इमारतीचाच इतिहास आठवत होता. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांकडून गायनशाळा सुरू करवली, घराण्याबाहेरच्या मुलांनाही गाणं शिकता यावं म्हणून. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखन पद्धती बसवली, पुस्तकं काढली. त्यांचे नातू इनायत खाँ १९१० साली अमेरिकेला गेले आणि तिथे गायले. त्याच साली व्हॉन यांचे चौघे टेनेसीत पुस्तकं विकत हिंडत होते. भेटले असतील असं मी म्हणत नाही, पण माझ्या वहीत दोन्ही साल शेजारी शेजारी लिहून ठेवलंय.

ओक रिज बॉईज खरंच तुमच्या मुलाच्या गावाचे. दुसऱ्या महायुद्धात तिथे अणुबॉम्बच्या कामासाठी गाव वसवलं होतं, कुंपणातलं. बाहेर जायला सहजी मिळत नव्हतं, तर नॉक्सव्हिलहून वॉली फाउलर यांचा गट आत जाऊन गायचा. लोकांना त्यातलं गॉस्पेलच जास्त हवं असायचं, म्हणून १९४५च्या सुमारास नाव झालं ओक रिज क्वार्टेट. नंतर ते कंट्री संगीतात गेले, ‘एल्विरा’ त्यांचंच, १९८१चं.

एक सुचवतो. कन्व्हेन्शन साँग म्हणतात तसल्या गाण्यांत कोरस आला की बेस एकटा पुढे निघतो आणि बाकीचे मागून त्याला उत्तर देत येतात. तिथे चौघे वेगवेगळ्या वेळी येतात, त्यामुळे सुटे ऐकू येतात. कान बसायला तेच आधी घ्या. आणि आजींचं ते पुस्तक बघायला मिळालं तर प्लीज फोटो टाका.

खर्ज

बाळा, छान लिहिलंस. मी तीस वर्षं ऐकतोय, पण शंकरपाळा कधी सुचला नव्हता.

फैयाज खाँसाहेबांच्या गावात राहणाऱ्यानं खर्जाचं कौतुक दुसऱ्या कोणाकडून का शिकावं, असं मला माझा मेहुणा विचारतो. मी त्याला सांगतो की खाँसाहेबांचा भरदार आवाज पुढे उभा असतो, जॉर्ज यंसचा आवाज खाली जमीन होऊन पसरतो, आणि मला दोन्ही हवेत.

ताई, कामाचं एक. बाबांचा प्लेअर जुना आहे तर सुई बघून घ्या. बऱ्याच जुन्या प्लेअरना सुई उलटवायची छोटी कळ असते. एका बाजूला ७८च्या तबकडीची जाड सुई, दुसऱ्या बाजूला एलपीची बारीक. जाड सुईवर एलपी लावली तर आवाज येतो, पण खाच कायमची खरवडते. आजींच्या दोन्ही रेकॉर्डी परत मिळणाऱ्या नाहीत. आजच बघा.

सूरसागरकाठची

सुई बघितली. बारीकच होती, जीव भांड्यात पडला.

आता जे लिहायला बसले आहे ते. शनिवारी रात्री साडेआठला, म्हणजे तिथे सकाळी अकराला, सुनेनं बाळाला घेऊन आजींच्या घरी जाऊन मला व्हिडिओ कॉल लावून दिला. मी इकडे ‘ग्रँड ओल्ड गॉस्पेल’ची पहिली बाजू लावली. आजींनी ओळखली आणि त्यांच्या सवयीनं गुणगुणायला लागल्या. तेच, चालीशी न जुळणारं.

पण दोन आठवडे मी फक्त एकेक आवाज धरून ऐकत होते. मला एकदम जाणवलं की त्या कुठेही घसरत नाहीत. जिथे थांबतात तिथे दर कडव्याला थांबतात. जिथे उतरतात तिथे दर वेळी तेवढ्याच दोन पायऱ्या. मी रेकॉर्ड बंद केली आणि विचारलं, तुम्ही हे काय गाता?

त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मग पुस्तक आणलं, कॅमेऱ्यासमोर धरलं आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज. सहा-सात वर्षांच्या असताना उन्हाळ्यात गावात गायनशाळा भरायची, दोन आठवड्यांची. आई आल्टोला बसायची म्हणून त्याही तिच्या शेजारी बसल्या. तेव्हापासून त्यांनी कुठल्याच गाण्याची चाल गायलेली नाही. चाल त्यांना येते का विचारलं तर म्हणाल्या, ती गायला लोक असतातच.

पाच महिने मी त्या स्वयंपाकघरात बसून त्यांना बेसूर समजत होते. हे मी त्यांना सांगितलं. लपवावंसं वाटलं नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, त्यांच्या यजमानांनाही लग्नानंतर वर्षभर तसंच वाटत होतं.

एकत्र गायचा प्रयत्न केला, पण फोनवर आवाज उशिरा पोचतो, जमेना. मग रविवारी त्यांनी सुनेच्या फोनवर तेच गाणं आल्टोत, एकट्यानं, रेकॉर्ड करून पाठवलं. पियानो नाही, काही नाही. मागे ओव्हनची घंटी वाजते आणि आमचं बाळ एकदा किंचाळतं. मी ते लावून वरून चाल गाते. पहिल्या सहा वेळा दुसऱ्या ओळीतच त्यांच्या स्वरावर ओढली गेले. काल सातव्यांदा शेवटपर्यंत माझ्या जागेवर राहिले.

‘गायनशाळेतला’, पुस्तकाच्या दोन पानांचा फोटो सुनेनं काढलाय, घरी येऊनच बघ. शंकरपाळे खरंच आहेत.

देवळालीकर, तुम्ही टेनर म्हणालात. दादा, तुम्ही खर्ज, आणि समा काही लांब नाही. आल्टो फोनवर आहे, चाल मी धरते. गुरुवारी आमचं भजनी मंडळ असतं, तेवढा वार सोडून कधी येता ते कळवा.